पहाटे तीनला वास आला तर फोन कोणाला?

समुद्रात तेल सांडलं तर सूत्रं कोणी हातात घ्यायची, हे आपल्या देशात १९९६ पासून कागदावर ठरलेलं आहे. खुल्या समुद्रात तटरक्षक दल, बंदराच्या हद्दीत बंदर, आणि तेल किनाऱ्याला लागलं की राज्य सरकार. ७०० टनांपर्यंतची गळती स्थानिक पातळीवर हाताळायची, हेही त्यात आहे.

तुम्ही म्हणाल, उल्हासनगर-अंबरनाथमध्ये समुद्र कुठे आहे? थांबा जरा.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं धडकली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, काहींत तर कीटकनाशकं होती. अशा वेळी तेल अडवायला पाण्यावर तरंगते पट्टे टाकतात, पण पावसाळी लाटांत ते टिकत नाहीत. तेल विरघळवणारी रसायनं खारफुटीजवळ फवारायची नसतात. म्हणजे आधी काय वाचवायचं, हे गळतीपूर्वीच ठरलेलं हवं. तेल किनाऱ्याला लागल्यावर मीटिंग घेऊन काय उपयोग?

आता २९ नोव्हेंबर २०१४. तुमच्यातले बरेच तेव्हा शाळेत असाल. उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरमधून चोरून रसायन सोडलं गेलं. काठच्या वस्त्यांमध्ये लोकांना श्वास घेता येईना, मळमळ, उलट्या. शेकडो जणांना रुग्णालयात न्यावं लागलं.

रासायनिक अपघातांसाठीही १९९६ चेच केंद्रीय नियम आहेत. जिल्ह्याचा आपत्ती गट, स्थानिक गट, सगळं आहे. पण तयारीचा बराचसा भाग कारखान्याच्या पत्त्यावर बेतलेला: कुठे, कोणतं रसायन, किती साठा. चोरून आलेल्या टँकरला पत्ताच नसतो. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. समुद्रातही जहाजं गुपचूप तेलकट घाण सोडतात, पावसाळ्यात जुहूला आणि गोव्याला डांबराचे गोळे येतात. तिथे निदान गुन्हेगार सापडेपर्यंत थांबायचं नाही, एवढं तरी ठरलेलं आहे.

आणि वालधुनी कल्याणजवळ उल्हासला मिळते, तिथून पाणी खाडीत, खाडीतून समुद्रात. मधल्या या पाण्याचा वाली कोण?

प्रभाग कार्यालयात जाऊन एवढंच विचारा: पहाटे तीनला नदीकडून उग्र वास आला, तर कोणता नंबर लागेल? वस्ती रिकामी करायचं कोण ठरवेल, वारा बघून कोणत्या बाजूला पळायचं हे कोण सांगेल? आणि रसायनाचं नाव डॉक्टरांपर्यंत किती वेळात पोचेल? उत्तर लेखी मागा.