घरातली ‘अटेन सी’

सुट्टी संपवून कालच तेजपूरला युनिटमध्ये परतलो. साठ दिवस घरी होतो, पण या वेळी गावची जत्रा नाही की शेताची कामं नाहीत. सौ.च्या डाव्या स्तनाचं कर्करोगाचं ऑपरेशन होतं. केमो आधीच झाली होती. सर्जननी स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. घरी आलो तेव्हा तिच्या कुशीतून एक नळी आणि तिला जोडलेली प्लॅस्टिकची बाटली होती. त्यात साचलेलं पाणी रोज सकाळी मोजून वहीत लिहायचं, हे काम माझ्याकडे. पहिले दिवस लाल, मग पिवळसर. दिवसाला तीस मिलीच्या खाली आलं, तेव्हा बाराव्या दिवशी नळी निघाली आणि मी मनातल्या मनात मोहीम फत्ते म्हणून टाकली.

इथेच चुकलो.

आमच्या आईने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. साखर, चहा, डाळी, सगळे डबे वरच्या फळीवरून खाली आले. ‘‘पोरी, हात हलवू नकोस, टाके तुटतील,’’ हे दिवसातून दहादा. भेटायला येणाऱ्या बायकाही तेच सांगायच्या, तेही कुजबुजत, जणू आवाज वाढला तर आजार परत येईल. तिने उठून पेला घेतला तरी मी धावायचो. सगळं मायेपोटी, यात शंका नाही.

तिसऱ्या आठवड्यात तपासणीला गेलो. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितलं. खांद्यापर्यंत गेला आणि अडकला. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘पुढे रेडिएशन आहे. त्यासाठी हात डोक्यामागे नेऊन निजावं लागतं. हा हात असाच राहिला तर मशीनवर कसं झोपवणार?’’ व्यायाम तर ऑपरेशननंतर लगेचच शिकवले होते. पण शिकवले तिला एकटीला. मी तेव्हा बाहेर बिलांच्या रांगेत होतो, आणि घरी आल्यावर तिचं कोण ऐकणार?

माजी सैनिक मित्रांना सांगायला नको. सिक रिपोर्टवर ‘अटेन सी’ मिळाली की पीटी-परेड माफ, पण मोजक्या दिवसांची. दिवस संपले की पुन्हा डॉक्टरसमोर उभं राहायचं. लो मेडिकल कॅटेगरी मिळाली तरी ठरल्या मुदतीला बोर्ड बसतोच, आणि जवान शेप-वनसाठी धडपडतो. घरातल्या बाईला मात्र आपण एकदाच कॅटेगरी देतो आणि फाइल बंद. माझं स्पष्ट मत आहे, व्यायाम शिकवताना नवऱ्याने आणि घरात सत्ता असलेल्या बाईने, म्हणजे सासूने, खोलीत हजर राहिलंच पाहिजे. बिलं नंतरही भरता येतात.

त्या दिवसापासून भिंतीसमोर उभं राहून बोटं वर चढवायची, रोज तीन वेळा. जिथे पोचतील तिथे मुलगी पेन्सिलीने खूण करायची. त्याच भिंतीवर तिच्या स्वतःच्या उंचीच्या खुणा आहेत. दुखायचं. सौ. ओठ दाबून चढायची, आई देवघरात जाऊन बसायची. दुसऱ्यांना ड्रिल शिकवण्यात माझी वर्षं गेली, पण त्या पंधरा मिनिटांत ‘‘अजून थोडं’’ म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. ते मुलगीच म्हणायची. सूज येऊ नये म्हणून त्या हाताला इंजेक्शन नाही, बीपीचा पट्टा नाही, जड पिशवी नाही, हे मात्र आईने पाठ केलं आणि भेटायला येणाऱ्यांनाही ऐकवू लागली.

काल रात्री व्हिडिओ कॉल लागला. पुढच्या आठवड्यात रेडिएशनची मापं घेणार आहेत. फोन मुलीच्या हातात होता, तिने भिंत दाखवली. शेवटची खूण दाराच्या चौकटीच्या वर गेली आहे.

‘‘अहो, साखरेचा डबा परत वर ठेवलाय,’’ सौ. म्हणाली. ‘‘आई रागावल्यात. आता त्यांचा हात पोचत नाही.’’