जंगलात पाच मीटर म्हणजे किती?

"कुठलं जीपीएस मॉड्यूल घेऊ रे?" असं ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. मी उलटा प्रश्न टाकतो: वापरणार कुठे? आणि पाच मीटर चुकलं तर कुणाचं काय जाणार? सायकलला लावायचं असेल तर डोळे झाकून स्वस्तातलं निओ-६एम घ्या, कुणाचं काही बिघडत नाही. पण मी पडलो चंद्रपूरचा. आमच्याकडे आणि शेजारच्या गडचिरोलीत पाच मीटरचा हिशोब जरा वेगळा असतो.

कसा, ते बघा. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखालच्या दाव्यांसाठी हातात जीपीएस घेऊन हद्द चालत मोजणं आता नेहमीचं झालंय. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. समजा, एवढ्या जंगलाचा एक चौरस केला आणि चारही बाजू पाच-पाच मीटर आत सरकल्या. क्षेत्र घटेल फक्त अर्धा टक्का. आता हेच एक एकराच्या वैयक्तिक पट्ट्यावर करा. बाजू ६३.६ मीटरची ५३.६ होते. जवळजवळ २९ टक्के जमीन गायब! मॉड्यूल तेच, चूकही तीच. प्रत्यक्षात चुका आत-बाहेर दोन्हीकडे होतात आणि थोड्याफार एकमेकींना खातात, हे मान्य. पण शेतकरी सरासरीवर धान रोवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, डेटाशीटवर तर अडीच मीटर लिहिलंय. लिहिलंय खरं, पण ते मोकळ्या आभाळाखालचं. तेही निम्मे पॉइंट त्या वर्तुळात येतील, एवढंच सांगणारं. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, सिग्नल बापडा आधीच क्षीण. वर पावसाळ्यातलं सागाचं ओलं पान आलं की संपलंच. म्हणून जमलं तर मोजणी उन्हाळ्यात करा, साग बोडका असतो तेव्हा.

खरेदीचं म्हणाल, तर ६एम फक्त जीपीएसचे उपग्रह बघतं. एम८एन ग्लोनाससारख्या इतर यंत्रणांचेही बघतं. झाडीत जेवढे जास्त उपग्रह दिसतील तेवढं बरं, म्हणून इथे चार पैसे जास्त घाला. त्याहून महत्त्वाचा अँटेना. बोर्डावरच्या चिमुकल्या सिरॅमिक चौकोनापेक्षा केबलवाला अॅक्टिव्ह अँटेना घ्या आणि बांबूच्या काठीवर डोक्याच्या वर धरा. आपलं शरीरही सिग्नल अडवतं.

"आणि आपलं नाविक?" आहे ना. पण सुरुवातीचे नाविक उपग्रह एल५ आणि एस बँडवर बोलतात, आणि स्वस्त मॉड्यूलला ऐकू येतो फक्त एल१. एल१ वरचा नाविक सिग्नल आला तो मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून. खोक्यावर नाविक लिहिलेलं असेल तर कुठला बँड ते आधी विचारा.

माझं खरं भांडण मात्र मॉड्यूलशी नाही, आपण लिहितो त्या कोडशी आहे. स्क्रीनवर दशांशानंतर सहा आकडे छापतो. सहावा आकडा म्हणजे अक्षांशावर साधारण अकरा सेंटीमीटर! मॉड्यूलला मीटरांची खात्री नाही आणि आपण वीतभर अचूकता मिरवतो. समोरच्या माणसाला ते आकडे म्हणजे ब्रह्मवाक्य वाटतं. त्यापेक्षा प्रत्येक नोंदीत उपग्रहांची संख्या आणि एचडीओपी लिहा. तोही झाडाखाली फसवतो, म्हणून एकाच दगडावर दहा मिनिटं थांबून पॉइंट किती पसरतात ते मोजा, शक्यतो दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि नकाशावर टिंब न काढता त्या पसाऱ्याएवढं वर्तुळ काढा.

याबाबतीत कायदा आपल्यापेक्षा शहाणा निघाला. २०१२ च्या दुरुस्ती नियमांनुसार उपग्रहचित्रं आणि इतर तंत्रज्ञान पुराव्याला पूरक आहे, पर्याय नाही. गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब, जुनी विहीर, देवस्थान, दफनभूमी हाही पुरावाच. तेव्हा म्हातारा म्हणतोय "हद्द त्या मोहापाशी" आणि यंत्र म्हणतंय सहा मीटर अलीकडे, तर आधी यंत्रावर संशय घ्या. काठी आणखी उंच करा आणि परत मोजा.