व्यसन मुलाचे, परीक्षा पालकांची

ब्रिटनमध्ये १८ वर्षांखालील मुलांना व्हेप विकणे गुन्हा आहे. १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकावयाच्या व्हेपच्या विक्रीवरही बंदी आली. तरीही फळांच्या वासाची ही नळी मुलांच्या दप्तरांत सापडते. राख नाही, तंबाखूचा दर्प नाही. पालकांना सुगावा लागणार कसा? आणि लागलाच, तर ‘समाजात नाव घालवलेस’ म्हणून आपण गरजतो. मूल अधिकच लपवू लागते.

निकोटिन वाढत्या वयाच्या मेंदूला लवकर जखडते. ते सोडताना चिडचीड होते, झोप उडते. तो उद्धटपणा नव्हे. १२ वर्षांपुढील मुलांनाही वैद्यकीय सल्ल्याने निकोटिनची चिकटपट्टी देता येते. पाचवे शील पाठ करून घेणे सोपे; अडकलेल्या मुलाचा हात धरून डॉक्टरांकडे जाणे कठीण. बंधुभगिनींनो, तेच आपले कर्तव्य आहे.