उपसागरावरील वारा आणि शहापूरची बांधी

भंडारा जिल्ह्यातील शहापूरच्या शिवारात पऱ्हे रोवणीला आले आणि बांधीत पाणी नाही, अशी वेळ येते तेव्हा शेतकऱ्याची नजर बोडीवरून आभाळाकडे वळते. परंतु ज्या पावसावर त्याची भिस्त, त्यातील मोठा वाटा बंगालच्या उपसागरावर उद्भवून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांतून येत असल्यामुळे, त्या दूरच्या निर्मनुष्य जलपृष्ठावर वारा कोणत्या दिशेने वाहतो ही बाब सातबाऱ्याइतकीच त्याच्या संसाराशी निगडित आहे, असे माझे निश्चित मत आहे.

भर समुद्रावर वेधशाळांचे जाळे पसरता येत नाही, आणि जहाजांच्या व बोयांच्या नोंदी फार विरळ. ही उणीव स्कॅटरोमीटर नावाच्या, उपग्रहावरील रडारने पुष्कळशी भरून काढली. वाऱ्याने पाण्यावर काही सेंटिमीटर लांबीच्या लहरी उठतात. त्यांवर आदळून परतणारे सूक्ष्मतरंग निरनिराळ्या कोनांतून मोजले, की वाऱ्याचा वेग आणि दिशा हाती लागते. जेथे वारे चोहोकडून एकवटतात तेथे बाष्पयुक्त हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते आणि मेघ आकारास येतो. उलट, बरसत्या मेघाखाली पावसाने थंडावलेली हवा कोसळून पृष्ठावर पसरते, तिचाही माग याच वेधांत लागू शकतो. ढगांच्या नेहमीच्या छायाचित्रात दिसतो तो मेघाचा माथा. त्याचा पाया या रडारमुळे कळतो. मुसळधार पावसात आपल्या भारतीय रडारचे मापन बिघडते हे खरे, म्हणूनच पावसाने कमी बाधित होणाऱ्या युरोपीय रडारची जोड आवश्यक ठरते.

मला खटकते ती या वेधांतील खंडितता. सप्टेंबर २००९ मध्ये अवकाशात गेलेल्या ओशनसॅट-२ या भारतीय उपग्रहावरील हे रडार फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडले. स्कॅटसॅट-१ सप्टेंबर २०१६ मध्ये गेला, तोही फेब्रुवारी २०२१ मध्ये मूक झाला. आणि ओशनसॅट-३ कक्षेत पोहोचला तो २६ नोव्हेंबर २०२२ रोजी. मधल्या काळात परकीय उपग्रहांनी निभावले, असे कोणी म्हणेल. परंतु जुने व नवे यंत्र काही काळ एकाच समुद्रावर एकत्र नजर ठेवीत नाहीत तोवर दोहोंच्या मापांचा मेळ प्रत्यक्ष पडताळता येत नाही, आणि मग वीस-तीस वर्षांत उपसागरावरील वारे व मेघ खरोखर पालटले काय, या प्रश्नाचे उत्तर डळमळीत राहते. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे कौशल्य सिद्ध झालेलेच आहे. एक यंत्र कार्यक्षम असतानाच त्याचा वारस कक्षेत जावा, आणि त्याची तजवीज सरकारने पहिले बंद पडण्याची वाट न पाहता अर्थसंकल्पात करून ठेवावी.