साक्रीच्या मेडिकलमध्ये मॉर्फिन का मिळत नाही?

कॅन्सरच्या असह्य वेदनांवर दिलं जाणारं मॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते ज्या अफूपासून बनतं, तिची सरकारी परवान्याने शेती शेजारच्या मध्य प्रदेशात होते. तरीही साक्रीसारख्या तालुक्याच्या गावात, डॉक्टरांची चिठ्ठी असूनही ते मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. असं का?

१९८५च्या एनडीपीएस कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला अनेक परवाने लागत, चूक झाली तर तुरुंगाची भीती. त्यामुळे बहुतेक दुकानदारांनी ते ठेवणंच टाळलं.

२०१४मध्ये कायदा बदलला. प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या आणि चोख नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला आता राज्य औषध नियंत्रकांची मान्यता पुरते. पण ही सवलत रुग्णालयांसारख्या संस्थांना आहे, कोपऱ्यावरच्या मेडिकलला नाही.

ट्रामाडॉल चिठ्ठीवर मिळतं, पण ते मॉर्फिनपेक्षा बरंच सौम्य आहे.

त्यामुळे रुग्णाच्या घरच्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं: जवळचं मान्यताप्राप्त केंद्र कोणतं? आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांनी ही मान्यता घेतली, तर गोळ्यांसाठी धुळे किंवा मुंबई गाठायची वेळ येणार नाही.