बुलेट पुढून लांब करण्याआधी

गेल्या महिन्यात साताऱ्याहून मामेभावाचा व्हॉट्सॲप आला. बुलेटचा फोटो आणि खाली एक ओळ: "दादा, पुढून लांब करून घेतोय, चॉपर टाइप. पंचवीस हजार सांगितलेत. थोडी मदत कर ना." मी मीटिंगमध्ये होतो. "पाठवतो" लिहून मोकळा झालो. रात्री मात्र झोप लागेना, कारण हेच खूळ तीन वर्षांपूर्वी माझ्याही डोक्यात शिरलं होतं.

मी स्टुटगार्टजवळ राहतो, सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. इथे एक जुनी मोटारसायकल घेतली आणि तिचे शॉकअप बदलायचा बेत केला. जर्मनीत असा बदल केला की तपासणी अभियंत्याकडून पास करून घ्यावा लागतो आणि गाडीच्या कागदांवर त्याची नोंद होते. नाहीतर ती गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून पार्ट मागवण्याआधीच त्या साहेबांना भेटलो. त्यांनी फोटो बाजूला ठेवले आणि एकच प्रश्न विचारला, "ट्रेल किती होणार?" मला सांगता येईना. इंजिनीअरिंगची डिग्री असून मी फक्त "दिसेल कशी" एवढाच विचार केला होता.

सुपरमार्केटमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक आठवा. ते ज्या खिळीवर फिरतं तिच्या थोडं मागे राहतं, म्हणून ढकलली की ट्रॉली सरळ जाते. मोटारसायकलचंही तसंच आहे. हँडल ज्या तिरक्या दांड्यावर फिरतं त्याची रेघ जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या पुढे पडते. हे अंतर म्हणजे ट्रेल आणि दांड्याचा तिरकेपणा म्हणजे रेक. ट्रेलमुळे चाक आपोआप सरळ व्हायला बघतं.

आता हिशोब बघा. समजा चाकाची त्रिज्या ३१० मिमी, रेक २६ अंश आणि चाकाचा आस त्या रेघेच्या ४५ मिमी पुढे आहे. ट्रेल येतो साधारण १०१ मिमी. गाडी लांब दिसावी म्हणून फ्रेमची मान कापून ३६ अंशांवर वेल्ड केली, तर ट्रेल १७० च्या आसपास जातो. हँडल जड होतं, गर्दीत हळू वळताना चाक एका बाजूला पडायला बघतं. दुसरा मार्ग स्वस्त वाटतो: फ्रेमला हात न लावता फक्त हँडलची टी बदलून शॉकअप ३ अंशांनी पुढे काढायचे आणि गाडीची उंची तीच राहील इतके लांब घ्यायचे. टीपासून आसापर्यंत ७०० मिमी धरले, तर ट्रेल थेट ६० वर येतो! दिसायला दोन्ही गाड्या लांबच, पण दुसरीचं हँडल वेगात थरथरू लागलं तर सावरणं कठीण. डोळ्यांना हा फरक कळत नाही, मोजपट्टीला कळतो.

आणि हिशोब जुळला तरी काम संपत नाही. नळी लांब करायला मध्ये वेल्डिंग केलेलं नसावं, कारण ब्रेक मारला की सगळा जोर खालच्या टीपाशी येतो. कोनसेट घट्ट किंवा ढिला नसावा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल आणि ब्रेकचा पाइप ताणत नाही ना, हे पाहायला हवं.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. तरीही गल्लोगल्ली कामं चालतात. पोलिसांना फटाके फोडणारा सायलेन्सर ऐकू येतो, चुकलेला ट्रेल कुणाला ऐकू येणार? माझं मत असं, की नुसत्या बंदीने हौस थांबत नाही, ती चोरून होते. पुण्यात एआरएआयसारखी संस्था आहे, इंजिनीअरिंग कॉलेजांना तोटा नाही. मग एकेका गाडीची रीतसर तपासणी करून तिला मंजुरी द्यायची सोय का असू नये? तोवर मात्र फ्रेम आणि शॉकअपला हात लावू नये, हेच शहाणपण.

आणि एक गोष्ट आपल्या, बाहेर राहणाऱ्यांच्या हातात आहे. अशा हौसेला पैसे बऱ्याचदा आपणच पाठवतो. मग प्रश्नही आपणच विचारायला नकोत का? मी दुसऱ्या दिवशी फोन केला. "ट्रेल किती होणार, हे गॅरेजवाल्याला विचार," म्हटलं. गॅरेजवाला म्हणाला, "तसलं काही नसतं, आपण डझनभर गाड्या केल्यात."

भाऊ दोन दिवस रुसला. मामीचा मात्र फोन आला, "बरं केलंस रे बाबा." तो रोज कॉलेजला हायवेने जातो. पैसे मी पाठवले, पण नवीन पुढचा टायर, कोनसेट आणि एका चांगल्या हेल्मेटसाठी. रंग त्याच्या आवडीचा.