केशराची डबी आणि करडईचे फूल



घरात सून गरोदर राहिली की कोणीतरी केशराची डबी आणतेच. दुधात रोज दोन काड्या घातल्या म्हणजे बाळ गोरेपान निपजते, अशी समजूत आपल्या भीमाकाठच्या गावांतही घट्ट बसली आहे. ज्या घरात दूध-अंडे विकत घेताना हात आखडतो, तेथेही ग्रॅमला काहीशे रुपये मोजले जातात. म्हणून या विषयावर चार शब्द स्पष्टपणे लिहिणे अगत्याचे वाटते.

केशर ही मोलाची वस्तू आहे, यात शंका नाही. पवित्र शास्त्रात, गीतरत्नातही, सुगंधी द्रव्यांत त्याचे नाव येते. काश्मीरमध्ये पांपोरच्या परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याची जांभळी फुले उमलतात. एका फुलात तीनच तांबडे तंतू असतात. किलोभर सुक्या केशरासाठी सुमारे दीड लाख फुले हातांनी खुडावी लागतात. त्याची महागाई आहे ती यामुळे.

त्याच्या औषधी गुणांचाही शोध चालू आहे. तेहरान येथील डॉक्टरांनी २००४ साली ३० उदास रुग्णांवर सहा आठवडे चाचणी घेतली. रोज ३० मिलिग्रॅम केशर घेणाऱ्यांना नेहमीच्या औषधाइतकाच उतार पडल्याचे त्यांना आढळले. पुढेही अशा चाचण्या झाल्या. पण बहुतेक लहान होत्या. म्हणून चालू असलेल्या गोळ्या बंद करून कोणी केशर घेऊ नये. ते काही ग्रॅम एकदम पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते, आणि मोठी मात्रा गर्भाशयाला चेतवते. खिरीतील चिमूट वेगळी, औषध म्हणून घेणे वेगळे.

राहिला रंग. बाळाचा वर्ण आईबापांच्या रक्तातून येतो, दुधाच्या पेल्यातून नव्हे. माझ्या मते या समजुतीचे खरे नुकसान पैशाहून मोठे आहे. सावळी मुलगी जन्माला आली की आईकडेच बोट दाखविले जाते. देवाने दिलेल्या रंगाला उणे मानून त्यावर औषध शोधणे आपल्याला शोभत नाही.

शिवाय डबीत केशरच असते असेही नाही. रंगविलेल्या करडईच्या पाकळ्या केशर म्हणून विकण्याची लबाडी फार जुनी आहे. कोमट पाण्यात टाकून पाहा. अस्सल केशर सावकाश सोनेरी पिवळा रंग सोडते, आणि तंतू तांबडाच राहतो. रंगविलेला माल लगेच लाल पाणी सोडून स्वतः फिका पडतो.

ती करडई, म्हणजे आपली कुसुबी, तर आपल्याच काळ्या रानातली. ज्वारीच्या कडेने लावली की तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत. मूळ खोल जात असल्याने ओल कमी असली तरी ती तग धरते. कोवळ्या पाल्याची भाजी होते. तिच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते. तूप-डालड्याऐवजी बेताने वापरल्यास कोलेस्टेरॉल उतरण्यास मदत होते. काट्यांमुळे काढणीला मजूर नाखूष असतात, हे खरे. पण फलटणच्या निंबकर संस्थेने ‘नारी-६’सारखे बिनकाट्याचे वाण काढले आहेत. दाणे भरल्यावर सुकलेल्या पाकळ्या वेचल्या तर उत्पन्न घटत नाही. चीनमध्ये या पाकळ्या औषधात वापरतात. मात्र गरोदर स्त्रियांनी आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्यांचा काढा घेऊ नये. आपल्या पाकळ्या करडई म्हणूनच विकाव्यात. दुसऱ्याचे नाव लावून विकणे ही चोरीच होय.

तेव्हा सासूबाईंना आणि घरधन्यांना माझी विनंती अशी. गरोदर सुनेला केशरापेक्षा रक्त हवे असते. सरकारी दवाखान्यात लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फुकट मिळतात; रोज एक याप्रमाणे १८० दिवस द्याव्यात. डबीच्या पैशांत दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे, गूळ आणावा. पालेभाजी रानातली आहेच. ती ताटात आधी सुनेला वाढा, मग इतरांना.